लसीची सक्ती आणि पालकांची सही : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझा मुलगा पाचवीत आहे. शाळेतून ‘टीडी’ लसीचे संमतीपत्र आले. मी सही केली नाही. तेव्हा वर्गशिक्षक म्हणाले की शासनाचा आदेश असल्यामुळे नकार देताच येत नाही. मूल माझे असताना हा निर्णय शासनाने का घ्यावा? लस न दिल्यास शाळा मुलाला काढून टाकू शकते का?
— एक पालक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. कायदा काय सांगतो हा एक, आणि वडिलांनी काय करावे हा दुसरा. आधी कायद्याचे पाहू. १९८५ पासून देशभर चालू असलेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमातील लसी मोफत आहेत, पण त्या सक्तीच्या करणारा केंद्रीय कायदा नाही. ब्रिटिशांनी १८८० साली देवीच्या लसीसाठी सक्तीचा कायदा केला होता. तो २००१ मध्ये रद्द झाला. (त्या काळी मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने तो कायदा आपल्याकडे मुळात लागूच नव्हता.) सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात, कोविडच्या लसीसंदर्भात का होईना, हे स्पष्ट केले की कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही, कारण स्वतःच्या शरीरावरील अधिकार हा राज्यघटनेच्या कलम २१ चा भाग आहे. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी शासन प्रमाणात राहून काही निर्बंध घालू शकते, हेही त्याच निकालात म्हटले आहे. शाळांमधील गोवर-रुबेला मोहिमेबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये असा निर्णय दिला की पालकांनी काही कळवले नाही म्हणजे त्यांची संमती आहे, असे गृहीत धरता येणार नाही. तो निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नसला तरी त्यातील तत्त्व मला योग्य वाटते. त्यामुळे आपल्या सहीला अर्थ आहे आणि ‘नकार देताच येत नाही’ हे विधान चुकीचे आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा शिक्षणाचा हक्क कायद्याने दिलेला असून तो लसीच्या कार्डावर अवलंबून ठेवलेला नाही.

आता दुसरा प्रश्न, आणि येथे मी आपल्याशी सहमत नाही. ‘टीडी’ ही लस धनुर्वात आणि घटसर्प या दोन आजारांसाठी आहे. लहानपणी घेतलेल्या डोसांचे संरक्षण वर्षे जातील तसे उतरत जाते, म्हणून दहाव्या आणि सोळाव्या वर्षी ती पुन्हा दिली जाते. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणखतात असतात, आणि सेलूच्या आसपासचे मूल अनवाणी शेतात जातेच. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. त्यामुळे सगळ्या गावाने लस घेतली तरी आपल्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही. त्याला स्वतःलाच लस घ्यावी लागेल. ‘मूल माझे’ हे आपले म्हणणे खरे आहे. परंतु सही आपली असली तरी जखम त्याच्या पायाला होणार आहे. पालकाचा अधिकार हा मुलाच्या वतीने वापरायचा अधिकार आहे. आपल्या मनात काही विशिष्ट शंका असेल, मागील डोसाच्या वेळी मुलाला त्रास झाला असेल, तर ती प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांपुढे मांडावी. नुसता ‘आदेश’ हा शब्द ऐकून राग आला असेल तर तो राग योग्य आहे, पण तो शिक्षकांवर काढावा, मुलाच्या लसीवर काढू नये.

प्रश्न : ज्यांनी लस घेतली ते सुरक्षित आहेत. मग ज्यांनी घेतली नाही त्यांच्यामुळे इतरांना धोका आहे असे म्हणणे तर्काला धरून आहे का? आणि असेल, तर परदेशाप्रमाणे सरळ सक्ती का करू नये?
— एक प्राध्यापक, नांदेड

उत्तर : आपल्या प्रश्नाचा पहिला भाग कागदावर बरोबर वाटतो, गोवराच्या बाबतीत मात्र तो टिकत नाही. गोवराची लस नवव्या महिन्यानंतर दिली जाते, कारण त्याआधी आईकडून आलेली प्रतिपिंडे लसीला नीट काम करू देत नाहीत. म्हणजे आठ महिन्यांच्या बाळाच्या आईवडिलांची लस द्यायची कितीही इच्छा असली, तरी त्या बाळाचे रक्षण त्याच्या भोवतालची माणसेच करू शकतात. शिवाय नवव्या महिन्यात दिलेल्या एका डोसाने साधारण ८५ टक्के मुलांनाच संरक्षण मिळते आणि म्हणून दुसरा डोस लागतो. आणि रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलाला ही लस देताच येत नाही. संरक्षण नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो, त्यामुळे साखळी तुटायला सुमारे ९५ टक्के मुले संरक्षित असावी लागतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडीत, मालेगावात आणि भिवंडीत जे झाले, ते हे प्रमाण खाली घसरल्यावर होणारच होते.

रुबेलाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. ज्या मुलाला रुबेला होतो त्याला बहुधा थोडा ताप आणि पुरळ येऊन आजार संपतो. पण तोच आजार गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत बाईला झाला तर पोटातले बाळ बहिरे, मोतीबिंदू असलेले किंवा हृदयात दोष घेऊन जन्माला येऊ शकते. आपल्या मुलाला रुबेलाची लस देताना आपण बऱ्याच अंशी दुसऱ्याच्या, अजून न जन्मलेल्या मुलासाठी ती देत असतो. मुलाचा स्वतःचा लाभ थोडा आणि इतरांचा मोठा असताना पालकाला त्याच्या इच्छेविरुद्ध भाग पाडावे का, हा खरा नैतिक पेच आहे, आणि तो सोपा आहे असे भासवणाऱ्या कोणाशीही मी सहमत होणार नाही.

सक्तीचे म्हणाल, तर इटलीने २०१७ मध्ये दहा लसी सक्तीच्या केल्या आणि युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०२१ मध्ये चेक प्रजासत्ताकातील सक्ती वैध ठरवली. दुसरीकडे ब्रिटनमध्ये आज अशी सक्ती नाही. माझ्या मते, शासनाने हात घालायचाच असेल तर आधी एक जबाबदारी उचलली पाहिजे. लाखो डोसांमागे एखाद्या मुलाला गंभीर इजा होऊ शकते. ब्रिटनने १९७९ मध्ये आणि अमेरिकेने १९८६ मध्ये अशा मुलांच्या भरपाईसाठी, कोणाचा दोष सिद्ध करावा न लागता, कायदे केले. आपल्याकडे बालकांच्या लसींसाठी तसा कायदा नाही. समाजासाठी जोखीम घ्यायला लावायचे आणि इजा झालेल्या मुलाच्या घराला कोर्टात झगडायला सोडायचे, अशी सक्ती मला मान्य नाही.

प्रश्न : बाळाला दीड महिन्याची लस दिल्यावर रात्रभर ताप आला आणि मांडी सुजली. सासूबाई पुढचा डोस नको म्हणतात. उपकेंद्रात विचारले तर ‘सरकारी लस आहे, द्यावीच लागते’ एवढेच उत्तर मिळाले.
— एक आई, औसा (जि. लातूर)

उत्तर : हा ताप बहुतेक वेळा पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लसीतील डांग्या खोकल्याच्या घटकामुळे येतो आणि एकदोन दिवसांत उतरतो. पॅरासिटामॉल किती द्यायचे ते बाळाच्या वजनावर ठरते, म्हणून मात्रा नर्सताईंकडून विचारून घ्यावी. सूज चोळू नये. ताप आणि सूज ही पुढचा डोस थांबवण्याची कारणे नाहीत. मात्र लस दिल्यावर फिट येणे, बाळ निपचित पडणे, सतत तीन तास रडणे किंवा अंगावर गांधी उठून श्वास घ्यायला त्रास होणे यांपैकी काही झाले असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढचा डोस देऊ नये. आपल्याला मिळालेले उत्तर मात्र अपुरे होते. कोणती लस दिली, ती कशासाठी आहे, काय त्रास होऊ शकतो आणि पुन्हा कधी यायचे, हे प्रत्येक आईला सांगणे लस टोचणाऱ्याच्या कामाचाच भाग आहे. सासूबाईंनाही पुढच्या वेळी सोबत न्यावे. त्यांची काळजी बाळासाठीच आहे, आणि तिला उत्तर मिळाले की विरोध बहुधा मावळतो.

प्रश्न : माझ्या गावातील निम्मी घरे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. मुलांचे डोस राहतात. लस न देणाऱ्यांचे रेशन आणि योजनांचे लाभ बंद करावेत, असे काही जण बैठकीत म्हणाले. त्याने उपयोग होईल का?
— एक आशाताई, धारूर (जि. बीड)

उत्तर : नाही, आणि तसा प्रस्ताव पुन्हा आला तर आपण त्याला विरोध करावा अशी माझी विनंती आहे. या कुटुंबांनी लसीला कधी नकार दिलेलाच नाही. लसीकरणाच्या दिवशी आई साखर कारखान्याच्या फडात आहे, पहाटे निघून रात्री कोपीत परतते, आणि त्या गावच्या यादीत तिच्या बाळाचे नाव नाही. नकाराला लावायची शिक्षा तिला लावली तर ज्या बाळाला लस मिळाली नाही त्याच्याच तोंडचे धान्य जाईल. सक्तीच्या बाजूने बोलणारे आणि पालकांच्या स्वातंत्र्याच्या बाजूने बोलणारे, दोघेही गृहीत धरतात की पालकापुढे निवड करण्याची संधी येते. फडावरच्या आईपुढे ती येतच नाही. मराठवाड्यापुरते बोलायचे तर सक्तीच्या वादाआधी हे काम करायचे आहे, आणि ते आईचे नाही, शासनाचे आहे.

आपल्या हाती असलेल्या गोष्टी अशा. टोळ्या निघण्यापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या आधीच, मुकादमाकडून जाणाऱ्या घरांची यादी घ्यावी आणि ज्यांचे डोस देय आहेत ते तेव्हाच देऊन टाकावेत. माता व बाल संरक्षण कार्ड घरी पेटीत न ठेवता सोबत न्यायला सांगावे. ते दाखवल्यावर कोणत्याही जिल्ह्यातील सरकारी केंद्रात पुढचा डोस मिळतो, आणि ‘यू-विन’ या शासनाच्या ऑनलाइन लसीकरण नोंदणीत नाव असेल तर कार्ड हरवले तरी माहिती सापडते. कारखान्याचे नाव आणि तालुका कळला, तर आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत तेथील आरोग्य केंद्राला यादी पाठवता येते. परतल्यावर राहिलेल्या डोसांसाठी मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. जेथे थांबली तेथून पुढे, दोन डोसांत किमान चार आठवड्यांचे अंतर ठेवून द्यायची असते. गोवर-रुबेलाची लस पाच वर्षांपर्यंत देता येते. पेंटाव्हॅलंट मात्र पहिल्या वर्षाच्या आत सुरू झाली पाहिजे, म्हणून यंदाच्या यादीत वर्षाखालील बाळांची नावे सर्वांत वर ठेवावीत.