डायनासोर गेल्यावर सस्तन प्राणी एवढे मोठे कसे झाले? आणि 'मधल्या' प्राण्यांचे, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलत असलेल्या प्राण्यांचे जीवाश्म खरंच सापडतात का?

जागा रिकामी झाली आणि पोटभर खायला मिळू लागलं, म्हणून मोठे झाले. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये कोरल ब्लफ्स नावाची जागा आहे. तिथल्या जीवाश्मांवरचा अभ्यास 2019 साली आला. 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या संहारातून वाचलेले तिथले सस्तन प्राणी अर्ध्या किलोच्या आसपास होते. तीन लाख वर्षांत ते 25 किलोपर्यंत पोचले आणि सात लाख वर्षांत 50 किलोपर्यंत. आधी सगळीकडे नेचेच नेचे, मग ताडवर्गीय झाडं, पुढे शेंगा धरणाऱ्या वनस्पती. खाणं सुधारत गेलं तशी अंगं वाढली.

तुमचा दुसरा प्रश्न मात्र माझा मावसभाऊ मला वर्षानुवर्षं विचारत आलाय, आणि त्याला उत्तर ऐकायचं नसतं. मी पुराजीवशास्त्र शिकत असताना एकदा सगळे नातेवाईक जमले होते. "देवमासा म्हणे पूर्वी जमिनीवर चालायचा, मग दाखव ना तो," असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. माझ्याकडे घोट्याच्या एका हाडाची प्रतिकृती होती, ती मी त्याच्या हातात ठेवली. हरीण, डुक्कर, पाणघोडा अशा समखुरी प्राण्यांच्या घोट्यात एक हाड असतं, त्याच्या दोन्ही टोकांना कप्पीसारखी खोबण असते. इतर कुठल्याच सस्तन प्राण्यात ते तसं नसतं. 2001 साली फिलिप गिंगरिच यांच्या गटाने पाकिस्तानातून सुमारे 4.7 कोटी वर्षांपूर्वीच्या देवमाशांचे सांगाडे जाहीर केले, त्यांच्या घोट्यात नेमकं हेच हाड होतं. ज्याला घोटा आहे असा देवमासा! याहून 'मधला' प्राणी कोणता हवा?

दादाने ते हाड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "एवढ्याशा हाडावरून अख्खं जनावर? बाकी सगळी चित्रकाराची कमाल." सगळे हसले, विषय बदलला. मला बोलूच दिलं नाही. ते अजून सलतं, म्हणून इथे लिहितो.

चित्रकार चुकतात, हे खरंच आहे. पाकिसीटस हा देवमाशांच्या घराण्यातला प्राचीन प्राणी 1981 साली जाहीर झाला तेव्हा मुख्यतः कवटीचाच भाग हाती होता, आणि चित्रांत तो सीलसारखा पोहताना दाखवला गेला. पुढे अंगाची हाडं मिळाली, तर लांब पायांचा, जमिनीवर चालणारा प्राणी निघाला. चित्र रद्द झालं. पण त्याच्या कानाभोवतीच्या जाड हाडावरून तो देवमाशांच्या घराण्यातला ठरला होता, तो निकाल आजही टिकून आहे. अख्खा सांगाडा मागणाऱ्यांना हा फरक कळत नाही. नातं ठरतं ते कान, घोटा, दात अशा हाडांवरून.

दातांबद्दल मात्र जपून. दातांच्या साम्यामुळे कित्येक वर्षं देवमाशांचे पूर्वज म्हणून मेसोनिक्स गटातले मांसभक्षक प्राणी धरले जात होते. डीएनए पाणघोड्याकडे बोट दाखवत होता, पुराजीवशास्त्रज्ञ ऐकत नव्हते. घोट्याने तो वाद मिटवला. म्हणून तुम्हाला कुणी 'मधला प्राणी दाखव' म्हणालं, तर आधी त्याच्याकडून वदवून घ्या की कोणतं हाड पाहिल्यावर तो मान्य करेल. दादाने हे कधीच सांगितलं नाही.

आणखी एक राहिलं. पाकिसीटस हा आजच्या देवमाशांचा थेट पूर्वज असेलच असं नाही, तो चुलत घराण्यातलाही असू शकतो. आणि डायनासोरांच्या काळात सगळेच सस्तन प्राणी उंदराएवढे नव्हते. चीनमधल्या रेपेनोमॅमस नावाच्या सस्तन प्राण्याच्या पोटात डायनासोरचं पिल्लू सापडलंय.