दहिवर (पानांवर गोठणारं दव) पडतं आणि माती सतत ओली राहते, अशा ठिकाणी हिवाळ्यात भाज्या कशा जगवाव्यात?

हिवाळ्यात भाजीची रोपं मेली, असं तुम्ही लिहिलंत आणि सगळा दोष थंडीला दिलाय. पण खालची पानं पिवळी पडली आणि ओढल्यावर रोप तपकिरी, बुळबुळीत मुळांसकट सहज हातात आलं, हेही तुम्हीच लिहिलंय. हे लक्षण साचलेल्या पाण्याचं आहे. पालक, कोबी, लसूण ही पिकं नीट रुजलेली असतील तर शून्याखाली दोन-तीन अंश आरामात सोसतात. मुळांना मात्र श्वास घ्यायला हवा लागते, आणि मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ती मिळत नाही. त्यात हिवाळ्यात ऊन कोवळं आणि पिकाची तहान कमी, त्यामुळे साचलेलं पाणी लवकर हटतच नाही. मुळं कुजलेलं रोप मग पहिल्याच गारठ्याला मान टाकतं.

म्हणून पांघरुणाचा विचार नंतर, आधी वाफा. १५ ते २० सेंटिमीटर उंच गादीवाफे करा आणि रुंदी मीटरभरच ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो, वाफ्यात पाय टाकावा लागत नाही. ओल्या मातीवर पडलेला पाय हंगामभर नडतो. मातीत चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट भरपूर मिसळा. चिकण मातीत चार घमेली वाळू टाकून काही साधत नाही. खणण्याआधी वाफसा, म्हणजे माती खणण्याजोगी सुकली आहे का, ते बघा: मूठभर माती घट्ट दाबा आणि त्या गोळ्याला अंगठा टोचा. भुसभुशीत फुटला तर कुदळ लावा. अंगठ्याचा ठसा उमटून गोळा तसाच राहिला, बोटांना चिकटला, तर कितीही घाई असली तरी थांबा.

आता दहिवर. आकाश निरभ्र, वारा पूर्ण पडलेला आणि संध्याकाळपासूनच गारठा, अशा रात्री सावध राहायचं. ढग असले तर जमिनीतून निघालेली ऊब बरीचशी खालीच राहते. अशा निरभ्र रात्री थर्मामीटर डोक्याच्या उंचीवर ३ अंश दाखवत असला तरी पानांवर बर्फ धरू शकतो, कारण थंड हवा जड असल्याने तळाशी साचते आणि पानं भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. थर्मामीटर वाफ्यालगतच लावा.

तुम्ही प्लास्टिक थेट पानांवर अंथरलंत आणि जिथे टेकलं तिथेच पानं काळी पडली. कमानी रोवून त्यावर क्रॉप कव्हरचं पांढरं कापड टाका, जुनी चादरही चालते. कडा जमिनीपर्यंत आणून दगडांनी दाबा, कारण धरून ठेवायची असते ती जमिनीतली ऊब. ऊन उतरायच्या आत झाका आणि सकाळी ऊन आलं की काढा. दिवसरात्र झाकून ठेवलं की आत दमटपणा कोंडतो आणि केवड्यासारखे पानांवरचे बुरशीजन्य रोग येतात. तुमच्याकडे ओल मुळात जास्त, तेव्हा सकाळी कापड काढायला अजिबात आळस नको.

दहिवराआधी पाणी द्या, हा सल्ला कोरड्या जमिनीसाठी असतो. तुम्ही तो सोडून द्या. पेंढ्याच्या आच्छादनाचंही तसंच. कोवळ्या रोपांभोवती जाड थर पसरला तर जमिनीतली ऊब रात्री वर येऊ शकत नाही आणि पानं अधिकच गारठतात. गाजरासारख्या कंदमुळांवर मात्र खुशाल जाड थर द्या, तिथे वाचवायचं ते मातीखाली असतं. आणि थंडीच्या तोंडावर नत्राचा (नायट्रोजनयुक्त खतांचा) मारा करू नका. त्याने फुटलेली लुसलुशीत पानं आधी जळतात.

पेरणीची वेळ पुष्कळजण चुकवतात. दिवसाचा उजेड १० तासांच्या आत आला की वाढ जवळजवळ थांबते, म्हणून त्याआधी पालेभाजी निदान पाऊण वाढलेली हवी. पुढे हिवाळाभर ती फारशी वाढत नाही, पण उभी राहते आणि लागेल तशी खुडता येते. शिवाय थंडी सोसताना झाड पेशींत साखर वाढवतं, त्यामुळे तेव्हाचा पालक आणि गाजर खरोखर गोड लागतात. टोमॅटो, वांगी, मिरची यांचा उघड्यावर नाद नको.

सकाळी पानं काचेसारखी कडक, पारदर्शक दिसली तर हात लावू नका. पेशींच्या मधल्या जागेत बर्फ झालेला असतो, पान वाकलं की पेशी फाटतात. ऊन वर येईपर्यंत वाट बघा, मेला असं वाटलेला पालक बहुधा पुन्हा ताठ उभा राहतो.

मटार आत्ता पेरावा का, असंही विचारलंत. रोप थंडी सोसतं, फुलं आणि कोवळ्या शेंगा सोसत नाहीत. तेव्हा पेरणी अशी धरा की फुलोरा दहिवराचे दिवस सरल्यावर येईल, आणि बी लावाल ते गादीवाफ्यातच. थंड, चिखलट मातीत मटार उगवायच्या आधीच कुजतो.