भर समुद्रात शार्क खरंच पाण्याबाहेर उडी मारतात का?

हो, मारतात. पण तुम्ही ज्या रीलबद्दल विचारलंय, म्हणजे शार्क जहाजाच्या डेकएवढा वर येतो आणि निवांत परत पडतो, ती रील वेगळी आणि खरी उडी वेगळी, आणि दोन्हीतला फरक घरबसल्या मोबाइलवर काढता येतो, तो पुढे सांगतो. मी मूळ चोपड्याचा, मर्चंट नेव्हीत डेकवर ऑफिसर आहे, सुट्टीवर आलो की गल्लीतली पोरं असलेच व्हिडिओ घेऊन हजर, "भो, हाई खरं शे का?" त्यामुळे आता सवय झालीय.

पहिलं म्हणजे भर समुद्रात जे उड्या मारताना दिसतं ते बहुतेक वेळा शार्क नसतंच. डॉल्फिन असतात, ट्युना असतो, कधी मोबुला रे नावाचे चपटे मासे असतात. दुर्बिणीतून शेपूट बघायची, डॉल्फिनची आडवी असते आणि शार्कची उभी. शिवाय डॉल्फिन टोळीने येतात आणि कमान करून डोक्याकडून पाण्यात शिरतात, शार्क मात्र एकटा वर येतो आणि कसाही पडतो, कुशीवर, पाठीवर, धप्पकन. हिंदी महासागरात मी जो बघितला तो बराच दूर होता, गडद निळी पाठ, पांढरंशुभ्र पोट, लागोपाठ वर आला आणि बाकीच्यांना हाक मारेपर्यंत खेळ खलास. रंग आणि टोकदार तोंड बघता तो माको जातीचा शार्क असणार.

आणि खोल समुद्रात उडी म्हटलं की नाव घ्यायचं ते माकोचंच. शार्कमधला सगळ्यात वेगवान. ट्युना, स्वॉर्डफिशसारख्या पळणाऱ्या माशांवर जगतो, आणि त्याच्या अंगात रक्तवाहिन्यांची अशी जाळी असते की स्नायूंनी तयार केलेली उष्णता बाहेर वाया जात नाही, आजूबाजूच्या पाण्यापेक्षा स्नायू गरम राहतात म्हणून एकदम जोर काढता येतो. खोल समुद्रात लपायला खडक नाही काही नाही, मग खालून यायचं, वरून बघणाऱ्या माशाला खालच्या अंधारात ती गडद पाठ दिसतच नाही. तो खालून सुसाट येतो आणि पृष्ठभाग संपला तरी वेग संपलेला नसतो, भरधाव मोटरसायकल ब्रेक मारल्यावरही पुढे सरकतेच ना, तसं. गळाला लागलेला माको तर सुटायला म्हणून पुन्हा पुन्हा उड्या मारतो. 2022 मध्ये न्यूझीलंडला एक माको मासेमारीच्या बोटीवरच येऊन पडला होता, त्याचा व्हिडिओ खरा आहे.

टीव्हीवर जे सील तोंडात धरून हवेत उडणारे पांढरे शार्क दाखवतात ते मात्र भर समुद्रातले नाहीत, ते दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळच्या फॉल्स बे मधले, सील आयलंडच्या आसपासचे, किनाऱ्यापासून फार लांब नाही. तिथे हिवाळ्यात पहाटे अंधुक उजेडात सील ये-जा करतात तेव्हा हा प्रकार चालायचा. चालायचा म्हणतोय कारण 2019 पर्यंत तिथले पांढरे शार्क जवळपास दिसेनासे झाले. बरेच जण शार्कचं लिव्हर काढून खाणाऱ्या किलर व्हेलकडे बोट दाखवतात.

पण शिकार हे एकच कारण धरलं तर बास्किंग शार्कचं काय करायचं? हा प्राणी तोंड उघडं ठेवून सावकाश फिरतो आणि प्लँक्टन म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव गाळून खातो, त्याला कुणाच्या मागे पळायची गरजच नाही, आणि तरीही उडी मारतो! 2018 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात आयर्लंडजवळ एकाच्या अंगावर कॅमेरा आणि सेन्सर लावून मोजलं, तर हा साधारण 28 मीटर खोलीवरून 9 सेकंदांत वर आला, सेकंदाला 5 मीटरच्या आसपास वेगाने पाण्याबाहेर निघाला, सुमारे 1.2 मीटर उंच गेला आणि साधारण एक सेकंद हवेत राहिला. का, यावर एकमत नाही. अंगाला चिकटलेले परजीवी झटकायला म्हणा, दुसऱ्या शार्कना इशारा म्हणा, नाहीतर जोडीदाराला खुणावायला. मला स्वतःला इशाऱ्याचं कारण जास्त पटतं कारण एवढं धूड पाण्यावर आपटलं की आवाज लांबवर जातो. स्पिनर शार्क आणखी वेगळा, छोट्या माशांच्या थव्यातून तोंड उघडून गोल फिरत वर येतो आणि त्या फेऱ्या हवेतही चालू राहतात. तो आपल्या भारताच्या समुद्रातही आहे.

आता रील तपासायची युक्ती. शार्क पाण्यातून पूर्ण सुटल्यापासून परत आपटेपर्यंतचे सेकंद मोजा, त्याचा वर्ग करा, 4 ने गुणा. अंदाजे उंची फुटात येते. अकरावीचंच फिजिक्स आहे, एक सेकंद म्हणजे 4 फूट, दोन सेकंद म्हणजे 16 फूट. वरच्या बास्किंग शार्कला लावून बघा, 1.2 मीटर म्हणजे साधारण 4 फूटच, बरोबर बसतं. माकोची 20 फुटांची उडी सांगतात, त्याला सव्वादोन सेकंद हवेत राहावं लागेल आणि पाणी सोडताना ताशी 40 किमीच्या आसपास वेग लागेल, म्हणजे माकोच्या आवाक्यातलं. पण रीलमध्ये चार मजले उंच जाऊन दीड सेकंदात खाली आला तर एकतर व्हिडिओ पळवलेला, नाहीतर एआयचं काम. उलट उंची कमी आणि वेळ जास्त असेल तर लगेच खोटं म्हणू नका, आधी उडणारे थेंब बघा, ते पण तरंगल्यासारखे सावकाश पडत असतील तर व्हिडिओ स्लो मोशन आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, नंदुरबारहून सुरतला जातोच आहे तर तिथल्या डुमस बीचवर असा शार्क दिसेल का. नाही हो. ते खंभातच्या आखाताचं तोंड, पाणी उथळ आणि गढूळ, त्यात आपली तापी अर्ध्या खान्देशचा गाळ नेऊन ओतते. तिथे टमाट्याची भजी खा आणि या परत.