जिप्सीच्या टाकीत काय भरावे?

नाशिक

चि. मित्रास अनेक आशीर्वाद.

येत्या ऑटोक्रॉससाठी, म्हणजे मैदानातल्या वळणावळणाच्या मार्गावर घड्याळ लावून होणाऱ्या शर्यतीसाठी, साधे पेट्रोल सोडून शंभर ऑक्टेनचे भरले तर ताकद किती वाढेल, असे तू विचारले आहेस. तुझ्या कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या) जिप्सीत, इंजिन आज आहे तसेच ठेवले तर, जवळजवळ काहीच वाढणार नाही. ऑक्टेनचा आकडा इंधनातली ऊर्जा सांगत नाही. सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढत असताना इंधन आपोआप भडकण्याला किती विरोध करते, एवढेच तो सांगतो. त्याचा फायदा हवा असेल तर हेड फेस करून, म्हणजे इंजिनचे वरचे झाकण थोडे तासून, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबले जाते ते) वाढवावे लागते किंवा टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) पुढे, म्हणजे लवकर, घ्यावे लागते. तुझे कॉम्प्रेशन नवाच्या आसपास आहे आणि टायमिंग कंपनीने ठरवले तेवढेच आहे. मग महागड्या पेट्रोलने नेमके करायचे काय? तेच पैसे डायनोवर, म्हणजे इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, घालव.

तुला खरा विचार करायचा आहे तो इथेनॉलचा. पंपावर हल्ली मिळणाऱ्या ई20 पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते, तर इथेनॉलला केवळ 9. म्हणून जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) ई20 चालवले की मिश्रण लीन होते, म्हणजे त्यात इंधन कमी पडते, आणि फुल थ्रॉटलवर इंजिन तापते. मेन जेट थोडे मोठे केले की हे सुधारते. लिटरमागे ऊर्जा कमी असल्याने इंधन जास्त जाईल, पण ताकद फारशी घटणार नाही, कारण इथेनॉल वाफ होताना आत येणारी हवा चांगलीच थंड करते आणि नॉकिंगही, म्हणजे इंधन आपोआप भडकून होणारी ठोकठोकही, रोखते. जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरचे सील मात्र इथेनॉलला टिकतील असेच बसव.

दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे सिलिंडर समुद्रकाठापेक्षा थोडे कमी भरते आणि नॉकिंगही उशिरा होते. इथल्या अंबडच्या गॅरेजात अगदी कडेपर्यंत पुढे घेतलेले टायमिंग समुद्रकाठच्या चेन्नईच्या उन्हाळ्यात चढावर आवाज करू लागेल, आणि दाट हवेमुळे इथे बरोबर वाटणारे जेट तिथे लीन पडेल. तिकडे शर्यतीला गेलास तर उतरल्या उतरल्या टायमिंग एक-दोन अंश मागे घे आणि सरावानंतर प्लग काढून भिंगाखाली पाहा: प्लगच्या टोकाच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चकाकते बारीक कण दिसले, तर इंजिन आतून मार खात आहे असे समज. हेल्मेटमध्ये तो आवाज ऐकू येईलच असे नाही.

विमानाच्या पेट्रोलचा मोह कुणी घातला तर नको म्हण. 100 एलएल नावाच्या त्या पेट्रोलमध्ये शिसे असते. पुढे इंजेक्शनची गाडी घेतलीस तर त्याने ऑक्सिजन सेन्सर आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन्ही निकामी होतील. मिथेनॉलचे नावही काढू नकोस. त्याची ज्वाला उन्हात दिसत नाही आणि ते विषारी आहे.

इंधन बदलण्याआधी त्या स्पर्धेची नियमावली वाच, कारण पंपावरचेच इंधन सक्तीचे असेल तर टाकीतला नमुना तपासला जाऊ शकतो. सराव आणि शर्यत दोन्हींसाठी एकाच पंपावरचे, एकाच दिवशी भरलेले पेट्रोल वापर. ते धातूच्या कॅनमध्ये, बूच घट्ट लावून, सावलीत ठेव. इथेनॉल हवेतली ओल शोषते, आणि पाणी जास्त झाले की ते पाण्यासकट वेगळे होऊन तळाशी बसते.

तुझा,
काका