नडगीचं हाड मोडून चार महिने झाले, तरी जुळलं नाही. असं का होतं?

बहुतेक वेळा कारण दोनपैकी एक असतं: तुटलेल्या टोकांना रक्त कमी पोहोचतं, किंवा ती टोकं आतल्या आत जास्त हलत राहतात. हाड मोडलं की तिथे आधी रक्ताची गाठ होते. दोन-तीन आठवड्यांत तिच्या जागी कूर्चेसारखा मऊ जोड तयार होतो, मग त्यात कॅल्शियम भरून तो कडक होतो. पुढे घासून-पुसून मूळ आकार यायला महिने, कधी वर्षंही लागतात. नडगीच्या खालच्या भागावर स्नायूंचं आवरण जवळजवळ नसतंच, त्यामुळे रक्तही कमी मिळतं, म्हणून तिथलं हाड जुळायला हट्टी. मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड आणि मांडीच्या हाडाची मान, म्हणजे खुब्याजवळचा अरुंद भाग, हीदेखील तशीच.

एक्स-रे नीट पाहा. टोकांभोवती हत्तीच्या पायासारखं भरपूर नवं हाड दिसतंय, पण मधली फट काळीच आहे? मग शरीर प्रयत्न करतंय, फक्त स्थिरता कमी पडतेय. घट्ट रॉड किंवा प्लेटने बरेचदा काम होतं. टोकं निमुळती, कोरडी दिसत असतील, तर सहसा दुसरीकडचं हाड आणून भरावं लागतं.

सिगारेट-तंबाखू आजच बंद करा, हे कळकळीने सांगतो. साखर, ड जीवनसत्त्व आणि जंतुसंसर्गही तपासून घ्या.

मात्र चार महिन्यांना डॉक्टर सहसा ‘उशीर’ म्हणतात, अपयश नाही. साधारण 9 महिने होऊनही शेवटच्या 3 महिन्यांत एक्स-रेमध्ये काहीच फरक नसेल, तर ‘नॉन-युनियन’, म्हणजे हाड न जुळणं, म्हणतात.