‘अ’ लावण्याआधी मोजून बघा

ऐरोलीतल्या कंपनीला अर्ज लिहिताय ना? मग ‘आय अ‍ॅम इंजिनिअर’ असं लिहू नका. मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत सहसा उघडं राहत नाही. ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ किंवा ‘माय’सारखं काहीतरी त्याच्या आधी हवंच. म्हणून ‘अ‍ॅन इंजिनिअर’. मराठीत आर्टिकल, म्हणजे ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’सारखा शब्द नाही, त्यामुळे ही चूक पटकन कानाला खटकत नाही.

न मोजता येणाऱ्या नामांत खरी फसगत होते, कारण मोजणी मराठीची नव्हे, इंग्रजीची लागते. आपण ‘एक काम आहे’ म्हणतो, पण ‘आय हॅव अ वर्क’ चूक. ‘सम वर्क’ म्हणा. अ‍ॅडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज यांना ‘अ’ नाही आणि शेवटी ‘एस’ही नाही. एकच सल्ला असेल तर ‘अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस’.

काही शब्द दोन्हीकडे चालतात, तिथे अर्थ बदलतो. ‘एक्स्पीरियन्स’ म्हणजे नोकरीचा अनुभव, ‘अ‍ॅन एक्स्पीरियन्स’ म्हणजे एखादा प्रसंग. अर्जात पहिलाच हवा!

‘अ’ की ‘अ‍ॅन’ हे पुढच्या शब्दाच्या सुरुवातीच्या उच्चारावर ठरतं: ‘अ‍ॅन एमबीए’, ‘अ युनिव्हर्सिटी’. नवा शब्द वहीत उतरवताना ‘अ चेअर’, ‘सम फर्निचर’ असा जोडीनेच उतरवा.