व्हिसाच्या मुलाखतीआधी आईला काय शिकवायचं?

मुलगा अमेरिकेत, इथे साठी ओलांडलेली आई आणि तिच्या व्हिसाची तारीख तोंडावर आलेली. मी समुपदेशन करते आणि अशा घरांतून माझ्यापर्यंत एकच काळजी येते: आईला तिथे बोलता येईल का? आपण तिची तयारी कशी करून घ्यायची? मागे माझ्याकडे आलेल्या एका मायलेकींची गोष्ट त्यासाठी सांगते. दोघींची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

लेक पुण्यात नोकरीला. आई सांगली जिल्ह्यातल्या गावी, थोडी शेती सांभाळून एकटी राहणारी. भाऊ न्यू जर्सीत, वहिनीला पाचवा महिना. लेक आईला घेऊन दोन दिवस मुंबईला जाणार होती. पहिल्या दिवशी अर्ज केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो, दुसऱ्या दिवशी बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत. माझ्याकडे मात्र ती स्वतःची तक्रार घेऊन आली होती. "मी आईवर फार ओरडते हो. रोज रात्री जेवणं झाली की आम्ही प्रश्नोत्तरं घेतो, भाऊ व्हिडिओ कॉलवर असतो. ती चुकते, मी ओरडते, ती गप्प होते. आता म्हणायला लागलीय, मला जायचंच नाही."

पुढच्या भेटीत आईला घेऊन यायला सांगितलं आणि लेकीला थोडा वेळ बाहेर बसवलं. आईंनी आधी माझ्या घरचं विचारलं, गाव विचारलं. मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, पोरं म्हणतात बाळंतपणाचं नाव काढू नको, फिरायला चाललेय म्हण. मी खोटं बोलले की माझ्या तोंडावर दिसतं. जन्मात कधी जमलं नाही, आता साहेबापुढं कसं जमणार?"

घरातले सगळे समजत होते की आई इंग्रजीला घाबरते, मुंबईला घाबरते. खरं तर मुंबईत मुलाखतीच्या खिडकीवर मराठीत बोलता येतं, हे त्या बाईंना गावातल्या कुणीतरी आधीच सांगितलेलं होतं. त्यांचा जीव अडकला होता तो पढवलेल्या उत्तरात. आणि हे मी पुन्हा पुन्हा पाहते: मुलं आईला वाचवायला म्हणून एक गोष्ट रचून देतात आणि ती सांभाळण्याचं ओझं मात्र आईवर टाकतात.

मी दोघींना एकत्र बसवून सांगितलं ते असं. सुनेच्या बाळंतपणाच्या वेळी मुलाकडे जाणं हे लपवण्यासारखं कारण नाही. 'बी-टू' व्हिसा पर्यटनासाठी असतो तसा नातेवाइकांना भेटण्यासाठीही असतो. मुलगा तिथे आहे हे तर अर्जात लिहिलेलंच असतं. अमेरिकेच्या कायद्यातलं कलम २१४(ब) असं मानून चालतं की येणारा माणूस तिथेच राहायला येतोय. तसं नाही, हे पटवण्याची जबाबदारी अर्जदाराची. म्हणून अधिकाऱ्याला मुख्यतः जाणून घ्यायचं असतं की या बाई कशाला चालल्या आहेत, खर्च कोण करणार आणि परत का येतील. उलट खोटी माहिती दिल्याचं ठरलं, तर पुढचा प्रवेश कायमचा बंद होऊ शकतो. बहुतेक घरांत हे ठाऊकच नसतं.

मग मी आईंना विचारलं, "काकू, किती दिवस राहायचं तुमच्या मनात आहे?" लेकीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, मी तिला हाताने थांबवलं. काकू म्हणाल्या, "तीन महिने. गौरी आमच्याकडं असतात, त्या मी कुणावर टाकत नाही. आणि सोयाबीन काढायला मी नसले तर वाटेकरी काय देईल कुणास ठाऊक."

अर्जात भावाने सहा महिने लिहिले होते. आईला विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. त्यांना 'परत का येणार' याचं उत्तर शिकवायची गरजच नव्हती, ते त्यांच्याकडे होतंच. घरी जाऊन लेकीने अर्ज नव्याने भरला, वेळ हातात होता म्हणून जमलं. रात्रीची प्रश्नोत्तरं बंद केली.

त्याऐवजी आम्ही सराव केला तो तिथल्या रीतीचा. माणूस टेबलापलीकडे खुर्चीत नसतो, काचेमागे असतो, आणि आपण उभं राहून बोलायचं असतं. ऐकू आलं नाही तर "पुन्हा सांगा" म्हणायचं. मोबाइल आत नेता येत नाही आणि सोबतच्या माणसाला बहुधा बाहेरच थांबावं लागतं. म्हणून बाहेर आल्यावर कुठे भेटायचं ती जागा आदल्या दिवशीच दाखवून ठेवायची. हे शेवटचं ऐकून काकूंचा चेहरा सैल झाला. त्यांच्या भीतीचा हाही एक तुकडा होता.

प्रवासाची आखणीही बदलली. लेकीने पहाटे निघून थेट केंद्र गाठायचं ठरवलं होतं, गुडघे दुखणाऱ्या बाईला घेऊन. मी म्हटलं, ठशांची वेळ दुपारची आहे, तर सकाळच्या शिवनेरीने दादरला उतरा, जेवा, काकूंची रक्तदाबाची गोळी वेळेवर होऊ द्या. मुक्काम बीकेसीपासून जवळ करा.

मुंबईत सगळं गोड झालं असं नाही. कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे उमटेनात, पुन्हा पुन्हा दाबायला लावलं, काकू हिरमुसून बाहेर आल्या. संध्याकाळी दादरला त्यांना बाळासाठी सुती कापड घ्यायचं होतं, आणि "तिथे सगळं मिळतं" म्हणत लेक भर रस्त्यात ओरडली. पण यावेळी आई गप्प झाली नाही. "मिळत असेल. मला माझ्या हातचं न्यायचंय," म्हणाली आणि दुकानात शिरली.

व्हिसा नाकारला तर काय, हेही आधीच बोलून झालं होतं. १८५ डॉलर फी परत मिळत नाही, पण कलम २१४(ब)खालचा नकार कायमचा नसतो, पुन्हा अर्ज करता येतो. आणि नकार मिळाला तर भावाला ते आई स्वतः सांगेल, लेकीने मध्ये पडायचं नाही.

व्हिसा मिळाला. अधिकाऱ्याने मराठीतच विचारलं आणि काकूंनी बाळंतपण, गौरी, सोयाबीन सगळं सांगितलं. लेक त्यानंतरही माझ्याकडे येत राहिली. आता विषय आई नाही. ठरवणारा भाऊ लांब आणि धावपळ सगळी आपल्या वाट्याला, हे ती आईवर ओरडण्याऐवजी त्याला कसं सांगणार, त्यावर आम्ही काम करतो आहोत.